पांढऱ्या कामाचे दिवस

"माझंच चुकलं," बायको म्हणाली, आणि रफूगाराच्या मनात सुई मोडावी तसं काहीतरी कट्कन झालं.

तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरची तीच खोली, टेबलाच्या काचेखाली दाबून ठेवलेलं पायातल्या शिरांचं तेच निळं चित्र, आणि चष्मा कपाळावर चढवून कागद वाचणाऱ्या त्याच डॉक्टरीणबाई. वयानं त्याच्या मुलीएवढ्या. रक्ताचा आकडा दोन आणि तीनच्या मधे असायला हवा होता, तो घसरून एक पूर्णांक दोनवर येऊन बसला होता. "काका, रक्त परत घट्ट व्हायला लागलंय," त्या म्हणाल्या. "गोळी रोज घेताय ना?" त्यानं मान हलवली. होकाराची की नकाराची ते त्याचं त्यालाही कळू नये, पण समोरच्यानं होच समजावं, अशी बेतानं हलवली. "मग पालेभाजी एकदम वाढली का जेवणात? तिनं या गोळीचा जोर कमी होतो." आणि त्याची बायको, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून, वर्गात उभं केलेल्या पोरीसारखी म्हणाली, "माझंच चुकलं. या आठवड्यात तीनदा केली मी. गॅलरीत इतकी कोवळी आलीय ना, म्हटलं, अंगात रक्त वाढेल यांच्या." डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, चूक वगैरे काही नाही, पण आकडा असा राहून चालणार नाही, डोस वाढवते, एकाच्या जागी दीड. आणि त्यांनी लिहून दिलं. रफूगारानं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला.

आता बायको गोळ्यांची जुनी चिठ्ठी घेऊन खाली औषधांच्या खिडकीपुढे रांगेत होती आणि तो वर लाकडी बाकावर बसला होता. "तुम्ही जिने उतरू नका उगाच, मी आले," असं बजावून ती गेली होती. डाव्या पायात मांडीपर्यंत चढवलेला तो घट्ट मोजा. रोज सकाळी तो चढवताना दोघांची तारांबळ उडे. ती म्हणे, गादीला अभ्रा घालणं परवडलं. बाकावर बसल्याबसल्या पाय मागेपुढे करायचे, टाच वर, चवडा वर, असं त्याला शिकवलं होतं. तो ते करत होता. टाच वर, चवडा वर. माणूस किती प्रामाणिक असतो बघा, ज्या गोष्टीत लपवायचं काही नसतं तिथे!

गेल्या हिवाळ्यात हा पाय बुटात जाईना, तेव्हापासूनची ही कथा. रफूगाराचं काम म्हणजे बैठक. गादीवर बसायचं, डावा पाय दुमडून खाली घ्यायचा, त्यावर फाटलेला कपडा ताणून धरायचा आणि कापडाच्याच कडेचा धागा उपसून, एक आडवा एक उभा, असं भोक विणून बंद करायचं. एकदा विणायला घेतलं की उठायचं नाही. उठलं की हाताचा ताण बदलतो आणि ताण बदलला की रफू दिसतं. सकाळी बसला की तो जेवायलाच उठे, आणि दुपारी बसला की दिवे लागल्यावर. पाणी कमी पिई, म्हणजे उठावं लागायला नको. तीस वर्षं हा पाय मुकाट्यानं दुमडला गेला आणि एक दिवस फुगून बसला. पोटरी गरम, ताणलेली, आतून ठणकणारी. बायकोनं तेल कोमट केलं आणि तीन संध्याकाळी मन लावून चोळला. चौथ्या दिवशी दुकानात, मागल्या अर्ध्या भागात इस्त्रीचं टेबल लावून बसणाऱ्या इस्त्रीवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, एक पाय तुमचा दिसतोय, हा दुसरा कुणाचा घालून आलात?" आणि गंमत करता करताच त्याचा चेहरा उतरला. त्यानं इस्त्री बंद केली, दुकान ओढून घेतलं आणि त्याला रिक्षात घालून, वाटेत बायकोला घेऊन, इथे आणलं. पायावर थंडगार चिकट काहीतरी लावून यंत्र फिरवलं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "इथून रक्त वाहायला हवं. इथे थांबलंय. गाठ झालीय आत. ही सुटून वर गेली, फुप्फुसात अडकली, तर श्वास घेता घेता माणूस जातो. चोळलाय का कुणी पाय?" तेव्हा बायकोनं आपले हात पाठीमागे घेतले होते. ते त्यानं पाहिलं होतं.

आणि मग तो प्रश्न. "घरात कुणाला असं झालं होतं? वडील, आई, भाऊ?" "नाही," तो म्हणाला होता. चटकन. सुई टोचल्यावर बोट मागे यावं इतक्या चटकन.

आठवडाभर पोटावर इंजेक्शनं आणि मग ही गोळी, रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर एक. नवी गाठ होऊ देत नाही, जुनी वाढू देत नाही. बाकीचं काम शरीर आपलं आपण करतं, म्हणाल्या. ते त्याला आवडलं होतं. फाटलेलं जाणत्यानं नुसतं धरून ठेवायचं, भरून काढणारा आणखी कुणी आहे. सूज उतरली. बूट चढला. वसंतात तो दुकानात आला तेव्हा इस्त्रीवाल्यानं त्याची गादी काढून खुर्ची ठेवली होती. "गादीवर बसलात तर गरम इस्त्री आहे माझ्याजवळ, सांगून ठेवतो."

सगळं मार्गी लागलं असतं. पण मधे गाण्याच्या बाईंची शाल आली.

बाई म्हणजे साऱ्या वस्तीच्या बाई. आठवड्यातून एकदा प्रार्थनेच्या दालनात उभ्या राहून त्या देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. गाता गाता थांबत, समोरच्या एखाद्याला नावानिशी चिमटा काढत, लोक हसत, आणि हसू विरायच्या आत बाई असा काही सूर लावत की हसणाऱ्याचे डोळे भरून येत. रफूगार कधी चुकवत नसे. तर बाईंची पांढरी लोकरी शाल, तिला कसरीनं खाल्लेली चार भोकं. रफूगाराचं डावं बोट कापडाखाली उघडं असावं लागतं. वरची सुई खाली कुठे आली ते डोळा नाही, ते बोट सांगतं. त्याला अंगुस्तान चालत नाही. त्या बोटाला सुई दिवसातून दहादा लागते. पूर्वी लागायची, पांढरा ठिपका यायचा, संपलं. आता गोळीनं रक्त पातळ झालेलं. त्या दिवशी टोचलं ते त्याला जाणवलंसुद्धा नाही. शाल पूर्ण झाली, इस्त्रीवाल्यानं तिच्यावर वाफ फिरवली, उलटून बघतो तर काठाजवळ तिळाएवढा तपकिरी डाग. रक्तावर वाफ फिरली की ते बसतं ते बसतंच. बाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी डाग डोळ्यांजवळ नेला. "हे काय हो?" "जुना असेल, बाई," रफूगार म्हणाला. तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही कुणाशी, तर ज्यांच्या तोंडून दर आठवड्याला खरेपणाचं गाणं ऐकायचं त्यांच्याशी. बाई म्हणाल्या, "असेल बाई," आणि शाल खांद्यावर टाकून गेल्या.

तेव्हापासून सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी पांढरं काम असलं की आदल्या संध्याकाळी गोळी घ्यायची नाही. बायको पाण्याच्या पेल्याशेजारी गोळी ठेवी, तो तळहातावर घेई, तोंडापाशी नेई, पाणी पिई आणि गोळी खिशात सोडी. रंगीत कामाच्या दिवशी मात्र इमानानं घेई. आधी आठवड्यातला एक दिवस पांढरा असायचा. मग उन्हाळा लागला. उन्हाळ्यात लोक पांढरं घालतात आणि पांढरंच फाडतात. सदरे, पडदे, टेबलावरची कापडं. गेले दहा दिवस तर दुकानात रंग म्हणून औषधाला नव्हता. न घेतलेल्या गोळ्या त्यानं धाग्यांच्या पत्र्याच्या डब्यात, पांढऱ्या रिळाखाली ठेवल्या होत्या. टाकून दिल्या नाहीत. का टाकल्या नाहीत, हे त्याला त्या बाकावर बसेपर्यंत ठाऊक नव्हतं. टाकल्या असत्या तर ते पाप झालं असतं. ठेवल्या होत्या म्हणून ती नुसती उधारी वाटत होती, देवाशी केलेली.

आणि खिशात आता दीड गोळीचा कागद. त्याला अडाणी म्हणायचं कारण नव्हतं. जी गोळी पोटात गेलीच नाही ती कमी पडली म्हणून तिचा डोस वाढला होता. उद्या भीतीनं का होईना, रोज दीड घेतली तर रक्त पाण्यासारखं होईल आणि आतल्या आत कुठे फुटेल ते कळणारही नाही. नाही घेतली तर गाठ. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणणारा हा एकटा.

टाच वर, चवडा वर. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. जिन्याच्या पोकळीतून खालच्या रांगेचा गलका वर येत होता.

बापाची पोटरी अशीच होती. हे तो कधी आठवत नसे. आठवायचं नाही असं ठरवून आठवत नसे. तो नऊ वर्षांचा होता. बापही रफूगार, हीच बैठक, हाच दुमडलेला पाय. त्या दिवसांत बापाचा पाय सुजला होता आणि आई म्हणाली होती, चेप रे बाबांचा पाय, तुझे हात बरे आहेत. त्यानं संध्याकाळी बसून चेपला. कातडी ताणून चकचकीत झाली होती, बोट रुतवलं की खड्डा पडे आणि हळूहळू भरून येई. त्याला त्या खड्ड्याची मौज वाटली. बाप डोळे मिटून म्हणत होता, "जोर लाव की रे, भात खातोस की वारा?" आणि त्यानं जोर लावला. गुडघ्यानं, कोपरानं, सगळ्या अंगाचा. बाप हसला. डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, सुई कापडात असताना, बापानं एकदा मोठ्यानं श्वास ओढला आणि तो तिथेच कलंडला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, बसल्या जागी गेला, काही भोग नाही. पंचेचाळीस वर्षं लोक ते म्हणत आले आणि तो मान हलवत आला, अशीच, बेताची. पण गेल्या हिवाळ्यात त्या काळ्यापांढऱ्या पडद्यापुढे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चोळलाय का कुणी पाय?" आणि बायकोनं हात मागे घेतले, तेव्हा या चोपन्न वर्षांच्या माणसानंही अंगावरच्या चादरीखाली आपले हात लपवले होते.

गाण्याच्या बाई एकदा गाता गाता थांबल्या होत्या. म्हणाल्या, "देव माणसाला एकच विचारतो, बाळा, दुखतंय कुठं? आणि माणूस काय करतो? सगळं सांगतो. दात सांगतो, पाठ सांगतो, शेजाऱ्याचं भांडण सांगतो. जिथं दुखतंय तेवढं सोडून!" लोक हसले होते. तोही हसला होता, सगळ्यांत मोठ्यानं.

खालून बायकोचा आवाज आला. ती रांगेतल्या कुणाला तरी सांगत होती, तिचा तो नेहमीचा, मन मोकळं करणारा आवाज. "पालेभाजीनं झालं हो. मीच घातली खायला. आता घरी गेले की चारी खोकी उपटून टाकते बघा, पुन्हा म्हणून लावायची नाही." गॅलरीतली चार खोकी. सकाळी उठून ती आधी त्यांच्यापाशी जाई, पानं उलटून बघे, त्यांच्याशी बोले. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यापासून तर जास्तच. आधी तेलाचे हात मागे घेतले तिनं, आता हिरवं उपटणार. आपण नुसते बसून राहिलो तर ही बाई एकेक करून सगळं सोडून देईल आणि शेवटी म्हणेल, माझंच चुकलं.

बाप बसल्या जागी गेला. रफूगार बसल्या जागेवरून उठला.

डॉक्टरीणबाईंपुढे दुसरं कुणी नव्हतं. त्या जेवणाचा डबा उघडत होत्या. "काय हो काका, काही राहिलं?"

"गोळ्या," तो म्हणाला. "गोळ्या राहिल्या. धाग्यांच्या डब्यात आहेत. मी घेतच नव्हतो." आणि मग एकदा टाका निघाला की शिवण उसवत जाते तसं सगळं निघालं. शाल, डाग, पांढरं काम, खिसा, पांढरं रीळ. डॉक्टरीणबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. हात पुढे करून दीड गोळीचा कागद मागितला आणि फाडून टाकला.

"काका, एक सांगू? रागावू नका. आज गोळी चुकवली म्हणून उद्या रक्त घट्ट होत नाही. तिचा परिणाम दोनतीन दिवसांनी कळतो. म्हणजे पांढऱ्या दिवशी तुमचं रक्त पातळच होतं, आणि रंगीत दिवशी घट्ट."

"म्हणजे मी..."

"म्हणजे तुम्ही नुसताच धोका घेतलात. फायदा छदामाचा नाही."

"अहो, पण दीड महिना मी..." आणि त्याला एकाएकी हसू आलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, अशी विचित्र अवस्था. दारात औषधांची पुडी घेऊन बायको उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पेल्यातलं पाणी कसं घटाघटा प्यायचे!" ती म्हणाली. "चोर! आणि मी आपली घरी जाऊन खोकी उपटायला निघाले होते."

"उपटायची नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाजी खायची. फक्त रोज साधारण सारखी. एक दिवस डोंगर, एक दिवस उपास, असं नको."

बायको खुर्चीवर बसली. पुडी मांडीवर, हात पुडीवर. त्या हातांकडे बघूनच रफूगाराला पुढचं बोलता आलं. "डॉक्टर, तुम्ही विचारलं होतं, घरात कुणाला होतं का. मी नाही म्हटलं." आणि त्यानं बापाचा पाय सांगितला. खड्डा सांगितला, कोपर सांगितलं, हसलेला बाप सांगितला. पंचेचाळीस वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं ते, उन्हाच्या खोलीत, भर दुपारी, एका पोरसवदा बाईला सांगितलं. "माझ्या हातानं गेला तो?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "मी खोटं नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "गाठ असेल. ती चेपल्यानं सुटली असेल, न चेपताही सुटली असेल. किंवा हृदयाचंच काही असेल. आज कुणालाच सांगता येणार नाही. पण काका, नऊ वर्षांच्या मुलाला आईनं सांगितलं, त्यानं वडिलांची सेवा केली. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे मला मात्र पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

"आता कळून काय उपयोग?"

"घराण्यात असेल तर गोळी किती दिवस चालवायची ते त्यावर ठरतं. एक तपासणीही करायला लागेल. तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी. तिला सातवा आहे."

डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. "आजच फोन करा तिला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर या गाठींचा संभव वाढतो. तिच्या डॉक्टरांना हे सांगायला सांगा, वडिलांना झालंय, आजोबांना झालं असावं. घाबरवू नका. फक्त सांगा."

फोन बायकोनं लावला, तिथेच, जिन्यात. पण बोलला तो. आजोबांच्या पायाची गोष्ट मुलीनं पहिल्यांदाच ऐकली. मग ती म्हणाली, "बाबा, माझाही डावा पाय जरा जड वाटतो, मी म्हटलं सगळ्यांनाच होतं." त्याचा हात कठड्यावर आवळला. "तो चोळायचा नाही," तो म्हणाला. "कुणालाही हात लावू द्यायचा नाही. आज, आत्ता दाखवायचा." तिनं दाखवला. त्यात काही निघालं नाही, नुसती गरोदरपणाची सूज. पण तिच्या डॉक्टरांनी सगळं टिपून घेतलं, तसलाच मोजा दिला, आणि बाळंत झाली त्याच दिवशी तिला धरून खोलीभर चालवलं, सहा आठवडे पोटावर इंजेक्शनं दिली. मुलगा झाला. चेहरा अजून कुणासारखाच नव्हता. सगळे आपापला अंदाज बोलत होते. रफूगार एवढंच म्हणाला, "पाय बघा त्याचे, कसे झाडतोय!"

पावसाळा सरत आला तेव्हा आकडा दोन पूर्णांक चारवर येऊन स्थिरावला होता. गाण्याच्या बाई शाल घेऊन परत आल्या. कसरीनं पाचवं भोक पाडलं होतं. रफूगार खुर्चीवरून उठून उभा राहिला. "बाई, तो काठाजवळचा डाग जुना नाही. माझ्या बोटाचा आहे. मी तेव्हा खोटं बोललो."

बाईंनी शाल उलटसुलट केली. "कुठला? हा होय! हा तर माझ्या पाठीवर येतो हो. पाठीमागे काय आहे ते बघायला मी कुठं वळतेय या वयात?" मग त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "बोट बरं आहे ना पण तुमचं? ते तेव्हा विचारायला हवं होतं मी." आणि बसल्या तिथेच, काम होईपर्यंत, काहीतरी गुणगुणत.

त्यानं शाल ताणून धरली. पांढरं काम. पत्र्याच्या डब्यात रीळ होतं, रिळाखाली काही नव्हतं. एक आडवा, एक उभा. भोक निम्मं भरलं तेव्हा सुई बोटाला लागली. या वेळी जाणवलं, कारण आता तो जाणवून घेत होता. बोट झटकन बाहेर काढलं. टोकावर एक थेंब आला, लाल, गोल, चकाकता, आणि थांबेना. शालीवरही त्याचा एक कण लागला होता. त्यानं पांढऱ्या धाग्याचा बोळा जिभेवर ओला केला आणि हलकेच टेकवला. आपलं रक्त आपल्याच थुंकीनं निघतं, हे बापानं शिकवलं होतं. भीतीत तेवढंच विसरला होता तो. वाफ फिरायच्या आत कण निघून आला. शाल होती तशी झाली.

"मास्तर! अर्धा तास!" मागून इस्त्रीवाला ओरडला. त्यानं इस्त्रीच्या टेबलावर घड्याळ मांडलं होतं, आणि दर अर्ध्या तासाला तो असा ओरडायचा की रस्त्यावरची माणसं दचकावीत. "उठा, नाहीतर आलो इस्त्री घेऊन!"

"हात बांधलेत रे माझे, रक्त थांबू दे की."

"पाय बांधलेत का?"

बाई गुणगुणता गुणगुणता हसल्या. रफूगारानं सुई अर्ध्या विणीत तशीच टोचून ठेवली. ताण बदलला तर बदलला. परत धरता येतो, हे त्याला आता माहीत झालं होतं. अंगठ्यानं बोट दाबून धरत तो उठला, दारापर्यंत गेला, पायरी उतरून रस्त्यावर चार पावलं चालला आणि वळला. उन्हात त्यानं अंगठा जरा उचलून पाहिलं. रक्त अजून येत होतं, सावकाश, न अडकता. पूर्वी ते पाहून त्याला धडकी भरायची. त्यानं परत अंगठा दाबला आणि आणखी एक फेरी मारली.